सहावा गडी

ज्युनियर ब्रिजमन हे नाव मराठी वाचकाने ऐकलं असण्याची शक्यता कमी आहे, आणि त्यात वाचकाचा काही दोष नाही. अमेरिकेतही मिल्वॉकी आणि लुईव्हिल ही दोन शहरं सोडली, तर हे नाव फार लोकांच्या तोंडी कधी नव्हतं. मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, करीम अब्दुल-जब्बार ही मंडळी बास्केटबॉलचा एकही सामना न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतात. ब्रिजमन त्यांच्या पंगतीतला नव्हे. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये तो बारा मोसम खेळला आणि सामन्यामागे सरासरी १३.६ गुण केले. कामगिरी चांगली, भरवशाची. पण पोवाडे रचावेत अशी नाही. ऑल-स्टार सामन्यासाठी एकदाही निवड नाही, संघाचं एकही विजेतेपद नाही. तरीही ११ मार्च २०२५ रोजी वयाच्या ७१व्या वर्षी लुईव्हिलमध्ये तो वारला, तेव्हा ‘फोर्ब्स’च्या हिशेबाने त्याची मालमत्ता सुमारे १४० कोटी डॉलरची होती. व्यावसायिक बास्केटबॉल खेळून पुढे अब्जाधीश झालेले एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत ज्याच्या नावाने कधी बूट खपले नाहीत असा हा एकच.

त्याच्याविषयी जे काही लिहिलं जातं त्याची चाल बहुधा ठरलेली असते. एका बाजूला अँटवान वॉकरसारखा खेळाडू, ज्याने खेळून दहा कोटी डॉलरहून अधिक मिळवले आणि २०१० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्या बाजूला ब्रिजमन, ज्याला एका वर्षात साडेतीन लाख डॉलरपेक्षा जास्त पगार कधी मिळाला नाही. मग तात्पर्य हजर: उधळू नका, साठवा, गुंतवा. बँकेच्या दिनदर्शिकेवर छापायला हे ठीक आहे. पण साडेतीन लाखांतून कितीही पोटाला चिमटा घेतला, तरी अब्ज होत नाहीत. शंका असेल त्याने कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करून पाहावी. काटकसरीने माणूस कर्जात बुडत नाही, एवढंच. त्यापुढचं काही घडायला दुसरं काहीतरी लागतं, आणि ब्रिजमनच्या बाबतीत ते त्याच्या खेळण्याच्या जागेत आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या कामात शोधावं लागतं. या पुस्तकाच्या वाचकाने त्या दोन ठिकाणी जरा थांबावं, म्हणून ही प्रस्तावना लांबवतो आहे.

नावात शिकागो असलं तरी ईस्ट शिकागो हे गाव शेजारच्या इंडियाना राज्यात आहे. मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर पोलादाच्या भट्ट्यांभोवती ते वाढलं. तिथला इनलँड स्टीलचा प्रचंड कारखाना १९९८ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या इस्पात इंटरनॅशनलने विकत घेतला, हा आपल्याकडच्या वाचकाला एक ओळखीचा दुवा. यूलिसिस ली ब्रिजमन, ज्युनियर, याचा जन्म १७ सप्टेंबर १९५३चा. वडील पोलाद कारखान्यात कामाला. अशा गावातल्या मुलांपुढे रस्ते दोनच असत, भट्टी किंवा बास्केटबॉल. आणि इंडियानात शाळकरी बास्केटबॉलचं वेड असं, की राज्य स्पर्धेच्या दिवसांत गावंच्या गावं रिकामी होत. १९७१ मध्ये ईस्ट शिकागो वॉशिंग्टन हायस्कूलच्या संघाने मोसमातले सगळे, म्हणजे २९ सामने जिंकून राज्याचं अजिंक्यपद मिळवलं. त्या एका शाळेच्या संघात ब्रिजमनबरोबर पीट ट्रगोविच होता आणि टिम स्टॉडर्डही. स्टॉडर्डची कथा स्वतंत्र पुस्तकाची आहे: १९७४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संघातून त्याने महाविद्यालयीन बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि पुढे बेसबॉलचा पिचर होऊन १९८३ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सबरोबर वर्ल्ड सीरीज. एकाच शाळेतल्या, एकाच वयाच्या या पोरांमध्ये सर्वांत कमी गाजावाजा झाला तो ब्रिजमनचा.

तो केंटकीतल्या लुईव्हिल विद्यापीठात गेला, प्रशिक्षक डेनी क्रम यांच्या हाताखाली. हे क्रम स्वतः यूसीएलए विद्यापीठाच्या जॉन वुडन यांचे शिष्य. १९७५ मध्ये सॅन डिएगोत राष्ट्रीय उपांत्य सामन्यात गुरू-शिष्य समोरासमोर आले. ट्रगोविच यूसीएलएकडून खेळत होता, म्हणजे शाळेतले दोन सोबतीही समोरासमोर. जादा वेळेपर्यंत ताणलेला तो सामना लुईव्हिल ७४–७५ असा, एका गुणाने हरलं. लुईव्हिलच्या टेरी हॉवर्डने त्या मोसमात तोवर एकही फ्री थ्रो चुकवला नव्हता. शेवटच्या सेकंदांत त्याचा पहिला चुकला आणि पुढच्याच चढाईत रिचर्ड वॉशिंग्टनने बास्केट करून सामना काढला. सामना संपल्यावर वुडन यांनी निवृत्ती जाहीर केली, त्यामुळे इतिहासात तो दिवस वुडन यांच्या नावावर लागला. ब्रिजमनच्या खेळातले मोठे प्रसंग असे नेहमी दुसऱ्या कुणाच्या खात्यावर जमा होतात. ही तक्रार नव्हे. पुढे त्याने जो धंदा निवडला, त्यात मालकाचं नाव पाटीवर नसणंच अपेक्षित असतं.

यानंतरची घटना तर या बाबतीत कळस म्हणावी अशी. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, लॉस एंजेलिस लेकर्सने त्याला आठव्या क्रमांकावर निवडलं, पण लेकर्सकडून तो एकही सामना खेळला नाही. करीम अब्दुल-जब्बारला मिल्वॉकी सोडायची होती. १९७१ मध्ये त्याने मिल्वॉकी बक्सला विजेतेपद मिळवून दिलं होतं, तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, पण विस्कॉन्सिनमधल्या त्या थंड, बिअर गाळणाऱ्या शहरात त्याचं मन रमत नव्हतं. १६ जून १९७५ रोजी सौदा झाला. करीम आणि वॉल्ट वेस्ली लेकर्सकडे गेले. बदल्यात एल्मोर स्मिथ, ब्रायन विंटर्स आणि नुकतेच ड्राफ्ट झालेले डेव्ह मायर्स व ब्रिजमन मिल्वॉकीकडे. बास्केटबॉलच्या इतिहासातल्या सर्वाधिक विषम देवघेवींत या सौद्याची गणना होते. करीमने लेकर्सला पुढे पाच विजेतेपदं दिली. बावीस वर्षंही पूर्ण न झालेल्या ब्रिजमनला पहिली नोकरी लागली ती देव गेलेल्या देवळात पुजारी म्हणून.

मिल्वॉकीने त्याला पाच जणांत सुरुवातीला उतरवायचं नाही, बाकावर बसवायचं आणि योग्य वेळी आत सोडायचं, असं ठरवलं. मराठी वाचकासाठी इथे थोडा खुलासा हवा. क्रिकेटमधला बारावा गडी पाणी घेऊन धावतो, गरज पडली तर क्षेत्ररक्षण करतो. फलंदाजी-गोलंदाजी त्याच्या वाट्याला येत नाही. बास्केटबॉलमधला सहावा गडी तसा नाही. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, मैदानावर पाच खेळाडू, आणि बदली खेळाडू हव्या तितक्या वेळा उतरवता येतात. बोस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड ऑरबॅक यांनी पन्नासच्या दशकात यातली गोम ओळखली. आपल्या सर्वोत्तम पाचांपैकी एकाला मुद्दाम बाकावर ठेवायचं, आणि समोरच्या संघाचे मुख्य खेळाडू दमून बसले की त्याला ताजातवाना आत सोडायचा. फ्रँक रॅम्से आणि नंतर जॉन हॅव्लिचेक यांनी ही जागा प्रतिष्ठेची केली. पण प्रतिष्ठा म्हणजे प्रशिक्षकांच्या आणि जाणकारांच्या लेखी. खेळाडूंची नावं पुकारली जातात, दिवे मालवतात, गर्दी ओरडते, तेव्हा सहावा गडी बाकावर टॉवेल घेऊन बसलेला असतो.

त्या पहिल्या सहा-आठ मिनिटांत तो काय करतो, हे या जागेचं खरं मर्म. समोरचा कोण आज सुस्त आहे, कोण डाव्या बाजूनेच जातो आहे, पंच काय चालवून घेतोय आणि काय नाही, आपल्या संघाला आत्ता गुण हवेत की बचाव. आत गेल्यावर हे शिकायला वेळ मिळत नाही. पहिल्याच चेंडूपासून कामाला लागावं लागतं. ब्रिजमन सहा फूट पाच इंच उंचीचा, कोपऱ्यातून शांतपणे उडी मारून चेंडू टाकणारा. प्रशिक्षक डॉन नेल्सनच्या संघात त्याला आत सोडलं की धावफलक हलणार, हे ठरलेलं. १९८० ते १९८६ अशी सलग सात वर्षं बक्सने आपल्या विभागाचं अजिंक्यपद मिळवलं. सिडनी मॉनक्रिफ, मार्कस जॉन्सन, बॉब लेनिअर, विंटर्स, ब्रिजमन: १९८३ मध्ये लॅरी बर्डच्या बोस्टनला त्यांनी ४–० अशी धूळ चारली. पण बहुतेक वर्षी फिलाडेल्फिया किंवा बोस्टन कुठेतरी आडवं येई, आणि अंतिम फेरी काही गाठता आली नाही.

तेव्हाचं त्यांचं मैदान, मेक्का अरेना, जेमतेम अकरा हजारांचं. मात्र तिथली जमीन अमेरिकेत प्रसिद्ध होती, कारण १९७७ मध्ये पॉप आर्टवाला चित्रकार रॉबर्ट इंडियाना याच्याकडून ती पिवळ्या भडक रंगात रंगवून घेतली होती. त्या पिवळ्या पाटावर ब्रिजमनने आयुष्याची उमेदीची वर्षं काढली. बक्ससाठी तो एकूण ७११ सामने खेळला. संघाचा हा विक्रम पुढे कित्येक वर्षं टिकला. जानेवारी १९८८ मध्ये संघाने त्याचा २ क्रमांकाचा शर्ट निवृत्त केला. बाकावरून उतरणाऱ्या खेळाडूच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो. सर्वोत्तम सहाव्या गड्याचा पुरस्कार मात्र १९८२–८३ मध्ये सुरू झाला तो त्याला कधी मिळाला नाही, आणि १९८४ मध्ये बक्सने त्याला, मार्कस जॉन्सनला आणि हार्वी कॅचिंग्सला क्लिपर्सकडे पाठवून ज्यांना आणलं, त्यांतल्या रिकी पीअर्सने तोच पुरस्कार दोनदा पटकावला. दोन वर्षांनी ब्रिजमन मिल्वॉकीत परतला, एक मोसम खेळला आणि १९८७ मध्ये थांबला.

इथे मला वाचकाचा हात धरून थांबवायचं आहे, कारण यशोगाथा लिहिणारे नेमके इथून थेट हॅम्बर्गरकडे उडी मारतात.

१९८५ मध्ये ब्रिजमन एनबीए खेळाडू संघटनेचा अध्यक्ष झाला. आधीचा अध्यक्ष बॉब लेनिअर, मिल्वॉकीतलाच त्याचा सहकारी. त्याआधी पॉल सायलस, त्याआधी ऑस्कर रॉबर्टसन, आणि पार मुळाशी १९५४ मध्ये संघटना बांधणारा बॉब कूझी. ही परंपरा नावापुरती नव्हती. खेळाडूची अवस्था तेव्हा काय होती, ते पाहा. ज्या संघाने ड्राफ्टमध्ये निवडलं त्याच्याशीच बोलणी करायची, दुसऱ्याशी नाही. करार संपला तरी सुटका नाही. दुसऱ्या संघाने दिलेल्या रकमेची जुन्या संघाने बरोबरी केली की मुकाट्याने तिथेच राहायचं. रॉबर्टसनने १९७० मध्ये लढायला घेतलेला दावा १९७६ मध्ये मिटला आणि या साखळीची पहिली कडी तुटली. १९८३ मध्ये मालकांनी तोट्याचं रडगाणं गाऊन एकूण पगारावर मर्यादा घालून घेतली, आणि खेळाडूंनी त्याच्या बदल्यात उत्पन्नातला ५३ टक्के वाटा पदरात पाडून घेतला. १९८४–८५ मध्ये ही मर्यादा लागू झाली तेव्हा ती होती एका संघाला ३६ लाख डॉलर. एका खेळाडूला नव्हे, सगळ्या संघाला मिळून.

तो करारही १९८७च्या उन्हाळ्यात संपला. ऑक्टोबरमध्ये खेळाडूंनी न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात दावा लावला: पगाराची मर्यादा, ड्राफ्ट आणि बरोबरीचा हक्क हे सगळं मालकांचं मक्तेदारीविरोधी कायद्याला न जुमानणारं संगनमत आहे. दाव्यात पहिलं नाव अध्यक्षाचं, म्हणून तो ‘ब्रिजमन विरुद्ध एनबीए’ या नावाने ओळखला जातो. कामगार कायद्याच्या अमेरिकी पाठ्यपुस्तकांत आजही भेटतो तो हाच ब्रिजमन. अब्जाधीश ब्रिजमन तिथे कुणाला ठाऊक नसतो. १९८८च्या वसंतात तडजोड झाली. सात वर्षं खेळलेल्या आणि दुसरा करार पुरा केलेल्या खेळाडूला कुठेही जाण्याची मोकळीक मिळाली. ड्राफ्टच्या फेऱ्या आधी तीनवर, मग दोनवर आल्या, त्यामुळे न निवडल्या गेलेल्या मुलांना हव्या त्या संघाचं दार ठोठावता येऊ लागलं. त्याच उन्हाळ्यात टॉम चेंबर्स सिअ‍ॅटल सोडून फिनिक्सला गेला आणि पूर्णपणे मोकळेपणी संघ बदललेला पहिला खेळाडू ठरला. आज स्टीफन करीसारख्याला वर्षाला पाच कोटी डॉलरहून अधिक मिळतात, त्या इमारतीच्या पायात हा दावा आहे. ब्रिजमन स्वतः आदल्या वर्षीच निवृत्त झाला होता. ज्या मोकळिकीला त्याचं नाव चिकटलं, तिचा एक डॉलरही त्याच्या खिशात आला नाही.

पण हिशेबाच्या वह्या त्याने पाहिल्या. संघटनेच्या टेबलापलीकडे संघांचे मालक बसतात. त्यांचे वकील, त्यांचे ताळेबंद, त्यांची तोट्याची रडकथा आणि तिच्याआड दडलेली मालमत्तेची वाढती किंमत. हर्ब कोल यांनी १९८५ मध्ये अख्खा बक्स संघ १ कोटी ८० लाख डॉलरला विकत घेतला, आणि २०१४ मध्ये ५५ कोटींना विकला. पगारदार माणूस वर्षाच्या मिळकतीकडे बघतो, मालक मालकीच्या किमतीकडे. माझा तर्क असा, की ब्रिजमनला हे कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. तीन वर्षं त्या टेबलाशी बसून कळलं. खेळाडू म्हणून आपण कितीही चांगलं खेळलो तरी शेवटी दुसऱ्याच्या मालमत्तेची किंमत वाढवतो आहोत, हे त्याच्याइतकं स्वच्छ त्या पिढीतल्या फार थोड्यांना दिसलं असेल.

आता हॅम्बर्गर. वेंडीज ही साखळी डेव्ह थॉमस याने १९६९ मध्ये ओहायोतल्या कोलंबसला सुरू केली. चौकोनी टिक्की ही तिची खूण. थॉमस स्वतः आधी केंटकी फ्राइड चिकनची दुकानं चालवून तयार झालेला, आणि त्या केएफसीचं मुख्यालय तेव्हा लुईव्हिलमध्ये होतं, ब्रिजमनच्या विद्यापीठाच्या गावात. या शहरात दुसऱ्याच्या पाटीखाली दुकान चालवणं हा एक सरळ, रुजलेला व्यवसाय होता, जसा दुसरीकडे कुठे सराफीचा किंवा लाकडाचा असतो. ब्रिजमनने खेळत असतानाच, मोसम नसलेल्या महिन्यांत, वेंडीजच्या दुकानात प्रत्यक्ष काम करून धंदा शिकायला सुरुवात केली. निवृत्तीनंतर त्याने मिल्वॉकीतली पाच दुकानं घेतली.

फ्रँचायझीत मालकाच्या हातात काय असतं? पाककृती नाही. पाटी नाही. जाहिरात नाही, तिच्यासाठी फक्त वर्गणी भरायची. विक्रीचा ठरलेला टक्का दर महिन्याला मूळ कंपनीला द्यायचा, मग नफा असो वा नसो. उरतं ते असं: पाव शिळा होण्याआधी संपतो की नाही, फरशी स्वच्छ आहे का, दुपारी बाराच्या गर्दीला खिडकीशी गाडी किती सेकंद थांबते, रात्रपाळीचा माणूस न सांगता गैरहजर राहिला तर त्याची जागा कोण घेणार, आणि व्यवस्थापक चोरी तर करत नाही ना. अर्ध्या-अर्ध्या टक्क्याचा हा खेळ. एक दुकान चालवून माणूस पोट भरतो. पाच चालवून थोडं साठतं. शंभर चालवायला स्वतः शंभर ठिकाणी हजर न राहता काम नीट होईल अशी माणसं तयार करावी लागतात. ब्रिजमनची खरी कमाई हीच, असं मला वाटतं. दुसऱ्याने आखलेल्या डावात, दिलेल्या वेळी, ठरलेलं काम चोख करायचं, आणि तसं करणारी माणसं निवडायची: बारा वर्षं तो हेच करत आला होता. शिखरावर असताना त्याच्याकडे वेंडीजची दीडशेहून अधिक दुकानं होती आणि टेक्सासमधून पसरलेल्या चिलीजची शंभराहून अधिक.

इतर खेळाडूंशी तुलना केली तर त्याचं वेगळेपण उठून दिसतं. मॅजिक जॉन्सनने १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत चित्रपटगृह काढलं, त्यावर स्वतःचं नाव लावलं आणि ते नावच भांडवल म्हणून वापरलं. त्यात गैर काही नाही. ज्याच्याकडे जे नाणं, ते त्याने चालवावं. डिट्रॉइटचा डेव्ह बिंग खेळत असताना सुट्टीत बँकेत नोकरी करायचा, त्याने १९८० मध्ये पोलादाची कंपनी काढली आणि पुढे शहराचा महापौर झाला. व्हिनी जॉन्सन, डिट्रॉइट पिस्टन्सचा प्रसिद्ध सहावा गडी, आत येताच तापतो म्हणून ज्याला ‘मायक्रोवेव्ह’ म्हणत, तो मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात पडून प्रचंड मोठा झाला. बाकावरून उठलेले दोन खेळाडू आणि दोघेही दुसऱ्यांच्या नावाने खपणाऱ्या मालाच्या धंद्यात यशस्वी. दोन उदाहरणांवरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळतं, पण मोह होतो खरा.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, २०१६ मध्ये, ब्रिजमनने दुकानं विकायला काढली आणि कोका-कोलाच्या बाटल्या भरण्याच्या धंद्यात शिरला. यामागे त्या कंपनीतली एक उलथापालथ होती. कोका-कोला मूळ अर्क बनवते. त्यात पाणी, साखर घालून बाटल्या-कॅन भरणं आणि ते ट्रकने दुकानोदुकानी पोचवणं हे काम भागीदार कंपन्यांचं. २०१० मध्ये कोका-कोलाने उत्तर अमेरिकेतलं हे काम बरंचसं स्वतःकडे ओढून घेतलं, आणि काही वर्षांतच ते पुन्हा स्वतंत्र भागीदारांना वाटून टाकायचं ठरवलं. दारं उघडली होती. ब्रिजमनजवळ रोकड होती आणि शेकडो ठिकाणी माल वेळेवर हलवण्याचा अनुभव. हार्टलँड कोका-कोला या त्याच्या कंपनीकडे कॅन्सस, मिझुरी आणि इलिनॉयचा काही भाग आला. २०१८ मध्ये टोरोंटोचे उद्योजक लॅरी टॅनेनबॉम यांच्या भागीदारीत कॅनडाचा बाटली-धंदाही. टॅनेनबॉम हे टोरोंटो रॅप्टर्सच्या मालकांपैकी एक. बास्केटबॉलमधली ओळख इथे तीस वर्षांनी उपयोगी पडली, पण खेळाडू म्हणून नव्हे.

डिसेंबर २०२० मधला त्याचा एक व्यवहार नफ्या-तोट्याच्या भाषेत नीट बसत नाही. ‘एबनी’ हे मासिक जॉन एच. जॉन्सन यांनी १९४५ मध्ये शिकागोत सुरू केलं, ‘जेट’ हे साप्ताहिक १९५१ मध्ये. कृष्णवर्णीय अमेरिकेच्या घराघरांत ही दोन नियतकालिकं असत. १९५५ मध्ये मिसिसिपीत मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलचा छिन्नविछिन्न चेहरा ‘जेट’ने छापला आणि देश हादरला, हे नागरी हक्कांच्या चळवळीच्या प्रत्येक इतिहासात येतं. २०२० मध्ये दोन्ही दिवाळखोरीत लिलावाला निघाली. ब्रिजमनने १ कोटी ४० लाख डॉलरला ती घेतली आणि कारभार मुलीकडे सोपवला. छापील मासिकांच्या पडत्या काळात असा पैसा घालणाऱ्याला धंद्यातले लोक शहाणा म्हणत नाहीत.

सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने बक्सचा दहा टक्के हिस्सा घेतला. संघाची किंमत तोवर ३०० कोटी डॉलरच्या वर गेली होती. म्हणजे कोल यांनी ज्या रकमेत अख्खा संघ घेतला, तिच्या पंधरापटीहून जास्त एका दशांश वाट्याला. मालकांच्या बाजूच्या खुर्चीवर तो बसला, तेव्हा पगाराची मर्यादा, जिच्याविरुद्ध त्याच्या नावाने दावा लागला होता, १४ कोटी डॉलर झालेली होती. ती खुर्ची त्याला सहा महिनेच मिळाली.

आणि एक गोष्ट, जी त्याचे चाहते सहसा बोलत नाहीत. वडिलांच्या पिढीला पोलाद कारखान्यात संघटनेच्या जोरावर घर, आजारपण, म्हातारपण सांभाळता येईल असा पगार मिळत होता. मुलगा मिल्वॉकीत खेळत होता त्याच वर्षांत तो काळ संपत चालला होता: श्लिट्झची जुनी दारूभट्टी १९८१ मध्ये बंद पडली, ट्रॅक्टर आणि यंत्रं बनवणारी अ‍ॅलिस-चाल्मर्स १९८७ मध्ये दिवाळखोरीत गेली. कारखान्यांतून बाहेर फेकल्या गेलेल्या घरांतली पोरं ज्या कामांना लागली, त्यांत हॅम्बर्गरच्या दुकानातलं काम मोठं. तासावर, संघटनेशिवाय, किमान वेतनाच्या आसपास. हे किमान वेतन केंद्राने २००९ मध्ये ७.२५ डॉलर केलं, तेव्हापासून ते वाढलेलं नाही. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष राहिलेला माणूस अशा उद्योगातला मोठा मालक झाला. मे २०१३ मध्ये मिल्वॉकीतल्या फास्ट फूड कामगारांनी तासाला १५ डॉलर आणि संघटना बांधण्याचा हक्क मागत एक दिवस काम बंद ठेवलं. संप साऱ्या उद्योगाविरुद्ध होता, त्याच्याविरुद्ध नव्हे, आणि त्याला खलनायक ठरवण्याचा माझा हेतूही नाही. त्याने हजारोंना पहिली नोकरी दिली, हेही तितकंच खरं. पण १९८७चा दावा लावणारा ब्रिजमन आणि त्या दिवशी पुकारलेल्या मागण्या ज्यांच्यापुढे होत्या त्या मालकवर्गातला ब्रिजमन हे एकाच आयुष्यात कसे नांदले, हा प्रश्न त्याच्या संपत्तीच्या आकड्यापेक्षा मला जास्त अडवतो. खेळाडू संघटनेची ती तीन वर्षं वाचून झाली की वाचकाने पुस्तक मिटून दुसऱ्या दिवशी दुकानांच्या प्रकरणाला हात घालावा. दोन्ही सलग वाचली तर पहिलं विसरायला होतं.